लोरेन्झो, अझोर्स आणि बोफोर्टचा रकाना

बोटीवर नवीन आलेली पोरं हरिकेनबद्दल विचारतात तेव्हा त्यांना लाटांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. लोरेन्झो या हरिकेनचं नाव काढलं की मला आधी एक्सेलची एक फाईल आठवते आणि अजूनही डोकं तापतं. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सप्टेंबर २०१९. मी सेकंड ऑफिसर. पनामॅक्स बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं मोठं जहाज, मिसिसिपीत भरलेला मका, जिब्राल्टरमार्गे इटली. लोडिंग, फ्लोरिडाची सामुद्रधुनी, पुढचा खुला समुद्र, सगळं बिनबोभाट झालं, त्यावर वेळ घालवत नाही.

लोरेन्झो २३ सप्टेंबरच्या सुमारास केप वर्देजवळ नावारूपाला आलं. तिथली बहुतेक वादळं पश्चिमेला कॅरिबियनकडे सरकतात, हे मात्र लवकरच उत्तरेला वळणार असं पहिल्यापासून दिसत होतं. उत्तरेला म्हणजे अझोर्सकडे. पोर्तुगालची ही बेटं भर अटलांटिकमध्ये आहेत. त्यातली फ्लोरेस आणि कोर्वो सगळ्यांत पश्चिमेची, बाकीच्यांपासूनही फटकून असलेली. कोर्वोवर जेमतेम चारशे माणसं राहतात. आमची वाट या बेटांच्या दक्षिणेकडून जाणारी, त्यामुळे वादळ बेटांकडे निघालं म्हणजे आमची वाट कापणारच.

सेकंड ऑफिसरचा वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, बारा ते चार, दुपारी आणि रात्री. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी बुलेटिन काढतं, जागतिक वेळेनुसार ३, ९, १५ आणि २१ वाजता. आमची घड्याळं तेव्हा जागतिक वेळेच्या तीन तास मागे. त्यामुळे मी ब्रिजवर चढायचो आणि थोड्याच वेळात इनमार्सॅट-सी या उपग्रह रिसीव्हरचा प्रिंटर टरटरायला लागायचा. कागद फाडायचा, केंद्राची जागा प्लॉटिंग शीटवर मांडायची, पुढच्या तीन दिवसांचे अंदाज मांडायचे, आणि मग प्रत्येकाभोवती वर्तुळ. वर्तुळ काढायची रीत आपल्याकडे प्री-सी ट्रेनिंगपासून घोकून घेतात: ३४ नॉट्सच्या (ताशी ३४ सागरी मैल) वाऱ्याची त्रिज्या घ्या, त्यात पहिल्या दिवसाला १००, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला ३०० सागरी मैल मिळवा. तेवढी चूक अंदाजात असू शकते असं धरायचं आणि त्या वर्तुळात जहाज न्यायचं नाही. तिसऱ्या दिवसाचं वर्तुळ काढलं की अर्धा अटलांटिक त्यात जातो. तो जाऊ द्यायचा.

सवड असेल तर बुलेटिनसोबतची चर्चाही वाचा, नुसते आकडे वाचू नका. तिथे बसलेली माणसं आपला संशय त्यात मोकळेपणाने लिहितात. लोरेन्झो इतकं पूर्वेला होतं की हरिकेनमध्ये घुसून वारा मोजणारी विमानं तिथवर सहसा येत नाहीत. वेगाचा आकडा यायचा तो मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून. डोळा किती स्वच्छ, भोवतीच्या ढगांचे माथे किती थंड, यावरून टी-नंबर काढायचा आणि त्यावरून वारा. ही ड्व्होराक पद्धत. टी ६ म्हणजे ११५ नॉट्स, टी ७ म्हणजे १४०. हे एकदा कळलं की छापलेल्या आकड्याकडे बघायची नजर बदलते.

२६ तारखेला लोरेन्झो झपाट्याने पाचपैकी चौथ्या श्रेणीवर गेलं. त्याच दिवशी बोर्बोन रोद नावाची टग केंद्रापासून साठेक सागरी मैलांवर बुडाली. १४ जण होते. दोन दिवसांनी तिघं जिवंत सापडले. आमच्या मेसमध्ये त्या रात्री कोणी फारसं बोललं नाही. कॅप्टन साहेब जेवून थेट ब्रिजवर आले, माझी शीट बराच वेळ बघत उभे राहिले, आणि विचारलं, "याच वेगाने गेलो तर आपण आणि हा कुठे भेटतो?" साडेबारा नॉट्सने हिशोब केला. १ ऑक्टोबरची दुपार, ३७ पश्चिम रेखांशाच्या आसपास. जवळपास नाकासमोर.

उपाय सोपा होता. दक्षिणेला वळायचं तर वादळच तिकडून येत होतं. उत्तरेला पळालो तर ते मागे लागणार. त्यापेक्षा वेग कमी करायचा, त्याच्या पश्चिमेला थांबल्यासारखं राहायचं आणि त्याला पुढून जाऊ द्यायचं. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेची डावी बाजू त्यातल्या त्यात बरी, आणि आम्ही त्याच बाजूला होतो. कॅप्टन साहेबांनी चीफ इंजिनिअरला फोन केला, २७च्या रात्री आरपीएम उतरले, वेग सातवर आला. तसा मेसेज कंपनीला आणि चार्टररला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, गेला. मला वाटलं, विषय संपला.

सकाळी चार्टररच्या ऑपरेशन्स डेस्ककडून उत्तर आलं. वेग कमी केल्याबद्दल सोबतचा फॉर्म भरून पाठवावा.

फॉर्म म्हणजे एक्सेल, कुलूप लावलेलं. कारणाच्या रकान्यात टाइप करता येत नाही, यादीतून निवडायचं: हवामान, यंत्रात बिघाड, वाहतूक, इतर. 'हवामान' निवडलं की खाली दुसरा रकाना उघडतो: जहाजाच्या जागी प्रत्यक्ष वारा, बोफोर्ट, म्हणजे वाऱ्याच्या जोराचं शून्य ते बारा माप. त्यात मी ३ भरलं, कारण वारा ३ होता. आभाळ निळं, ऊन, ब्रिजच्या पंखावर बोसन रंगाचा डबा घेऊन बसलेला. रकाना लाल झाला. पाचाच्या खालचा आकडा त्याला चालत नव्हता. फाईल सेव्ह होईना.

यामागचं गणित मला माहीत आहे, दर्यावर्दी सगळ्यांनाच माहीत आहे. चार्टर पार्टीत, म्हणजे भाडेकरारात, वेगाची हमी असते ती चांगल्या हवामानात, साधारणपणे बोफोर्ट ४ पर्यंत. त्याच्या आत वेग पडला की भाड्यातून पैसे कापायची सोय होते. पण जो हरिकेन टाळण्यासाठी वेग कमी करतो त्याच्या डोक्यावर चांगलंच हवामान असणार. तेच तर करायचंय! हे त्या फॉर्मच्या कर्त्याच्या ध्यानीमनीही नसावं.

'इतर' निवडून बघितलं. त्याला कंपनीच्या सुपरिंटेंडंटची सही हवी. सुपरिंटेंडंट किनाऱ्यावर, आणि दिवस शनिवार. मग मी फॉर्म बाजूला ठेवून साधा ईमेल लिहिला: वादळाची जागा, आमची जागा, एक तारखेचा छेद, ३४ नॉट्सची वर्तुळं, सगळं. शीटचा फोटो जोडला. जहाजावरच्या ईमेलला जोडणीच्या आकाराची मर्यादा असते, फोटो परत आला. लहान करून पाठवला. तीन तासांनी उत्तर: "राउटिंग रिपोर्टनुसार तुमच्या जागी बोफोर्ट ३ दिसतो. कारण हवामान म्हणून मान्य करता येत नाही. कृपया दुरुस्त फॉर्म पाठवावा."

म्हणजे दुरुस्ती वाऱ्याची करायची.

त्या दिवशीच्या बुलेटिनांत वादळ थोडं ओसरल्यासारखं होतं. डोळ्याची जुनी भिंत मोडून नवी बनत होती, चौथीवरून तिसरीकडे उतरलेलं, पुढे हळूहळू कमजोर होणार असा अंदाज. तो अंदाज डेस्कनेही वाचला असावा. संध्याकाळच्या ईमेलमध्ये वेग पूर्ववत करता येईल का अशी पृच्छा आली, आणि फॉर्मची आठवणही. मी ते घेऊन कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो. "सर, काय उत्तर देऊ?" त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "फॉर्म तू भर. जहाज मी चालवतो." मग जरा थांबून, "सोलास, पाचवा अध्याय, नियम ३४-१. तेवढं लिही खाली." सोलास म्हणजे सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार; सुरक्षेसाठी मास्टरने, म्हणजे कॅप्टनने, घेतलेला निर्णय मालक, चार्टरर वा कोणीही अडवायचा नाही, असा तो नियम आहे. मी ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवली. पोच आली नाही.

मध्यरात्री वॉचला चढलो. प्रिंटर सुरू झाला. कमाल वारा १४० नॉट्स. मी कागद लाल दिव्याखाली धरून परत वाचला, श्रेणी ५. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या पूर्वेला, ४५ पश्चिमेवर, पाचव्या श्रेणीचं हरिकेन तोवर कधीच झालं नव्हतं. आधीचा मान १९८९च्या ह्यूगोचा होता, तोही पश्चिमेला कितीतरी लांब. कॅप्टन साहेबांना उठवलं. ते आले, कागद वाचला, आमचं आणि त्याचं अंतर डिव्हायडरने स्वतः मोजलं, सातशे सागरी मैलांच्या आसपास. "राहू दे सात नॉट्स," म्हणाले आणि चहा मागवला.

रविवारी डेस्कवर माणूस बदलला होता. त्याने सगळं पहिल्यापासून विचारलं. शेवटी: "फॉर्म प्रलंबित आहे."

तोवर स्वेल, म्हणजे वादळाने दुरून पाठवलेल्या लाटा, पोचला होता. वारा नाही, समुद्राचा पृष्ठभाग जवळपास गुळगुळीत, आणि आग्नेयेकडून लांबलचक, संथ उंचवटे, एकेकाला यायला चौदा-पंधरा सेकंद. प्रत्येकाबरोबर जहाज सावकाश कलायचं, चार्ट टेबलावरची पॅरलल रूलर कडेपर्यंत घसरत जायची आणि परत यायची. गॅलीत चीफ कुकने शेगडीभोवतीच्या अडवणीच्या पट्ट्या लावल्या. तो देवगडचा, "साहेब, आमच्याकडे वारा नसताना असा समुद्र फुगला की होड्या वर ओढतात," म्हणाला. त्याला फॉर्म भरायला द्यायला हवा होता.

३० तारखेला वारा ईशान्येकडून हळूहळू चढला. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र उजव्या हाताला, जरा मागे, हा बॉइज बॅलटचा नियम. हात लांब केला तर बोट शीटवरच्या केंद्राकडेच जात होतं. माझं मलाच बरं वाटलं, लपवत नाही. दुपारी वारा बोफोर्ट ५. मी खाली जाऊन एक्सेल उघडलं, पाच भरलं. रकाना हिरवा झाला, फाईल सेव्ह झाली, गेली. तासाभरात उत्तर: स्वीकारला, धन्यवाद. नुसता स्वीकारला नाही, त्या वेळेपासून पुढे स्वीकारला. आधीचा सगळा काळ, म्हणजे ज्या काळात खरा निर्णय झाला तो, 'अस्पष्टीकृत'.

पुढचं भराभर. १ तारखेला ते आमच्या पुढून, सहाशेएक मैलांवरून गेलं. वारा ईशान्येचा उत्तर, उत्तरेचा वायव्य झाला, म्हणजे आपण डाव्या बाजूलाच आहोत याची खूण. आरपीएम वाढले.

बेटांना तसं बाजूला होता येत नाही. २ ऑक्टोबरच्या पहाटे लोरेन्झो फ्लोरेसच्या पश्चिमेकडून गेलं, म्हणजे बेटं वादळाच्या उजव्या, वाईट हाताला. थंड पाण्यावर येऊन ते पाचव्या श्रेणीवरून पार खाली उतरलं होतं, पण उतरताना पसरलंही होतं. वाऱ्याचा घेर वाढला की समुद्र जास्त लांबवर आणि जास्त वेळ ढवळला जातो. कोर्वोवर ताशी १६३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. फ्लोरेसवरचं लाजेस बंदर लाटांनी उद्ध्वस्त केलं. बेटाचं मुख्य व्यापारी बंदर ते, माल, इंधन, सगळं तिथून. श्रेणीचा आकडा उतरला म्हणून हुश्श करणाऱ्यांना मी लाजेसचे फोटो बघायला सांगतो. बुलेटिनमध्ये कमाल वाऱ्याचा आकडा वरच छापलेला असतो, पण आधी खाली जाऊन त्रिज्यांच्या ओळी वाचा. चारही दिशांना वेगवेगळ्या दिलेल्या असतात.

काही महिन्यांनी, मी घरी सुट्टीवर असताना, कंपनीकडून ईमेल आला. चार्टररने वेगाचा दावा लावलाय, त्या दिवसांची कागदपत्रं आहेत का? सुदैवाने प्रवास संपल्यावर शीटवरचं पेन्सिलीचं काम मी खोडलं नव्हतं. प्रत्येक बुलेटिनच्या कोपऱ्यात ते हातात पडल्याची वेळ आणि त्या वेळची आमची जागा लिहून ठेवायची माझी सवय आहे, ती इथे कामी आली. लॉगबुकात 'वादळ टाळण्यासाठी वेग कमी केला' ही ओळ वेग कमी केला त्याच वेळेला पडलेली होती. तुम्हीही तशीच टाका, फॉर्म मान्य होवो न होवो. सगळं स्कॅन करून दिलं. दाव्याचं पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एक राहिलंच. समुद्री हवामानाच्या इशाऱ्यांसाठी समुद्राचे भाग पाडलेत, त्यांना मेटएरिया म्हणतात. ३५ पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेला मेटएरिया ४, तो अमेरिकेकडे. पूर्वेला २, तो फ्रान्सकडे. अझोर्सकडे सरकणारं वादळ मधेच ही रेघ ओलांडतं. रिसीव्हरवर एकच क्षेत्र लावलेलं असेल तर ऐन मोक्याला प्रिंटर गप्प बसेल. दोन्ही लावा, आणि मक्याच्या धुळीने रिबन जाम झालेली नाही ना तेही बघा.