ज्येष्ठांची सहल: आधी पायऱ्या मोजा

ज्येष्ठ नागरिक संघाची सहल बहुतेक वेळा पायऱ्यांवर फसते. ओझर-लेण्याद्री हा जुन्नरकडचा ठरलेला बेत. ओझरचं देऊळ सपाटीवर, पण लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. निम्मी मंडळी खालीच बसून राहतात, आणि पुढच्या सहलीला "गुडघे दुखतात" म्हणून नाव देत नाहीत.

दुसरी गोम पाण्याची. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने, विशेषतः बायका, सकाळपासून घोटभरच पाणी पितात. मग दुपारी उन्हात चक्कर, पायात गोळे. म्हणून दर दीड तासाला थांबा ठेवा आणि तो बस सुटतानाच मोठ्याने सांगा. सांगितलं नाही तर थांब्याचा उपयोग शून्य.

बसची पहिली पायरी उंच असते. एक बुटकं, न डुगडुगणारं स्टूल सोबत ठेवा. मधुमेहींचं जेवण साडेबाराच्या पुढे ढकलू नका, दर्शनाची रांग थांबेल! प्रत्येकाच्या खिशात औषधांची नावं आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी.

एसटीने जात असाल तर राज्यात 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट. ओळखपत्र मात्र मूळ न्या.

नुकताच जोडीदार गेलेली माणसं व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला उत्तर देत नाहीत. त्यांना फोन करा, जमल्यास घरी जा, आणि "येताय का?" असं न विचारता "सात वाजता खाली उभ्या राहा, शेजारची सीट ठेवलीय" असं सांगा.