मिरगात वेचलेला कापूस

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय सांभाळतो, ड वर्गाचं, म्हणजे दोन कपाटं, एक पंखा अन् पावसाळ्यात गळणारा कोपरा. वाचायला कोणी येईना म्हणून व्हॉट्सॲपवर साखळी कथा सुरू केली, एकानं तुकडा लिहायचा, दुसऱ्यानं तिथून पुढं न्यायचा. 14 जण जमले. पहिल्याच महिन्यात गणपत नावाचं आमचं मुख्य पात्र दोनदा मेलं अन् एकदा दुबईला गेलं.

मग मी नियम काढले. कमीत कमी आठ ओळी, दुसऱ्याचं पात्र त्याला न विचारता मारायचं नाही, आणि शुद्धलेखन. त्यावर माझा लय जोर, चुकलं की तुकडा परत, मेसेज एडिट करायला 15 मिनिटं मिळतात तर मी घड्याळाकडं पाहत बसायचो (होता तेवढा वेळ माझ्याकडं).

त्या दिवशी एका कॉलेजच्या पोराचा तुकडा आला. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही, मृगाची सर, वावरात 'शुभ्र कापसाचा अथांग सागर', वेचणाऱ्या पोरीची नाजूक बोटं वगैरे. मी लगेच टाकलं, हा आपला नमुना, सगळ्यांनी असंच लिहा. धडाधड अंगठे पडले.

अर्ध्या तासानं काकूंचा व्हॉइस मेसेज. काकू मजुरीला जातात, त्यांचे तुकडे मी नेहमी दुरुस्त करून टाकायचो. मागं कुत्रं भुंकतंय अन् काकू म्हणतात, "भाऊ, मिरगात कापूस कोन वेचते हो? मिरगात तं सरकी टोबतेत. बोंडं फुटतेत दसरा-दिवाईले. अन् वेचनारीचे बोटं असे मऊ कायले दाखोले? वायल्या बोंडाचे टोकं नखात घुसतेत, संध्याकाई तिखटात भाकर बुडोली का जीव जाते."

ग्रुप चिडीचूप. पोरानं 'सॉरी काकू' लिहिलं, त्याच्या बापाची चार एकर पऱ्हाटी आहे हे वेगळंच.

रात्री मी मागचे सगळे तुकडे काढून वाचले, तर माझ्याच तुकड्यात गणपत पोळ्याच्या दिवशी डवरा धरून वावरात! पोळ्याला बैल जुपतं का कोणी? आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावत लहानाचा मोठा झालो मी, अन् लिहिताना ध्यान सगळं अनुस्वारात. काकूंना फोन केला, तेव्हाच का नाही बोलल्या? तर म्हणे, "तुमी लिवलं म्हून गप रायली, भाऊ."

शुद्धलेखनाचा नियम शेवटी ढकलला. वर घातलं, ज्या कामाबद्दल लिहाल ते करणाऱ्या माणसाला आधी तुकडा ऐकवायचा.

राहिला माझा पोळा. तो दुरुस्त करायची वेळ केव्हाच निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुढचा तुकडा बोलून पाठवला, गणपतचे बैल पोळ्यानंतरच्या बाजारात जाणार होते, डवरणी राहिली होती, म्हणून त्यानं तोंड लपवून जुपले, अन् बायकोनं त्या दिवशी पुरणाचं ताट त्याच्यापुढं वाढलं पण ती बोलली नाही. लिहून काढला तर साडेतीन ओळी भरल्या. तसाच टाकला.