समाधानी होतात का रे?

आज नाशिकच्या कॉलेज रोडवर माझे जुने विद्यार्थी भेटले, २०२०-२१ मध्ये घरून शिकलेले. चहा घेताना सहज विचारलं, "ऑनलाइन वर्गांवर समाधानी होतात का रे?"

सिन्नरची मुलगी लगेच हो म्हणाली. खोलीभाडं वाचलं, मेसचे पैसे वाचले, दिवसा शेतातलं काम आटोपून रात्री रेकॉर्डिंग ऐकता यायचं. सुरगाण्याचा मुलगा मात्र गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, रेंजसाठी टेकडीवर जायचो. पावसात तेही बंद." रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पण टायट्रेशन, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायचा प्रयोग, मोबाइलवर पाहिलेलं. त्यासाठीची मापाची काचनळी, ब्युरेट, पहिल्यांदा हातात धरली ती नोकरीला लागल्यावर, सातपूरला. ऐकून फार वाईट वाटलं.

आपल्या नाशिकमध्येच १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. तिथलं दूरशिक्षण स्वयं-अध्ययनाची पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रं धरून आखलेलं. मार्च २०२० मध्ये आमचे वर्ग रातोरात फोनवर गेले, त्याला दूरशिक्षण म्हणणं मला पटत नाही.

आणि एक. वर्गांवर समाधानी आहात का, हे विचारणारा फॉर्मसुद्धा तेव्हा ऑनलाइनच भरून घेतला होता. सुरगाण्याच्या या मुलाने तो भरलाच नव्हता, लिंक उघडली नाही म्हणाला. त्यामुळे त्या काळातले समाधानाचे टक्के कुणी दाखवले, तर फॉर्म कुणाकुणापर्यंत पोचला होता, हे मी आधी विचारणार.