बाकी सात

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे समितीचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ असेल अशा समजुतीने मी कागद पुढे ओढला; पण तीन दिवस झाले तरी चौथीच्या बाईंपलीकडे लेखणी सरकेना. स्नेहसंमेलने, नवी इमारत आणि कबड्डीच्या संघाने आणलेली ढाल यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. त्यांची क्षमा मागून मी केवळ बाईंच्या शाब्दिक उदाहरणांविषयी लिहितो. 'बाई' म्हणजे कोणत्या बाई, हे त्या काळी आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

मी १९७५-७६ साली चौथीत होतो. शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा चौथीत असे. पाढे आमचे पक्के होते, काही जणांना तर घरच्या आजोबांमुळे निमकी आणि पाऊणकी, म्हणजे अर्ध्याचे आणि पाऊणाचे पाढेही येत होते. उभी मांडणी करून दिली की आमचे हात भराभर चालत, मात्र तेच गणित चार ओळींच्या मजकुरात गुंडाळून आले की सगळा वर्ग एकमेकांकडे पाहत, "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" असे विचारी. बाईंनी या प्रश्नाचे उत्तर वर्षभरात एकदाही दिले नाही. त्या म्हणत, "आधी काय झाले ते सांग, काय करायचे ते मग बघू."

त्यांची रीत अशी होती की प्रथम पुस्तक मिटायचे. मग त्या उदाहरण वाचीत, परंतु त्यातील आकडे गाळून. एका शेतकऱ्याने काही घड तोडले, त्यांतले काही व्यापाऱ्याला दिले, राहिलेले दोघा भावांनी सारखे वाटून घेतले. आकडेच नसल्यामुळे बेरीज-वजाबाकी करण्याची सोयच नसे आणि नाइलाजाने आम्हाला ती गोष्ट डोळ्यांपुढे आणावी लागे. कोणीतरी उभे राहून ती आपल्या शब्दांत नीट सांगितली, आणि शेवटी नेमके काय विचारले आहे तेही सांगितले, की मगच फळ्यावर आकडे येत. तोवर पाटीला पेन्सिल लावणाऱ्याचा कान धरला जाई. मीही तो पुष्कळदा धरून घेतला आहे.

एक उदाहरण मला अजून जसेच्या तसे आठवते. रामूच्या घडाला ९ फण्या आहेत, त्या शामूच्या घडापेक्षा २ ने जास्त आहेत, तर शामूच्या घडाला फण्या किती? केळीच्या मुलखातली आम्ही पोरे, घड आणि फण्या आम्हाला कोणी समजावून सांगायला नकोत, तरीही चाळीसपैकी तीसजणांनी ११ लिहिले, कारण 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज करायची अशी आमची खूणगाठ होती. बाईंनी कोणालाही चूक म्हटले नाही. त्यांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या, एक लांब आणि एक आखूड, आणि एवढेच विचारले, "यांतली रामूची कोणती?" लांब रेघ रामूची, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितले. पुढचे त्यांना बोलावे लागले नाही, वर्गभर पाट्या पुसल्याचा आवाज झाला.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि ती ओळखणारे शिक्षक मला पुढेही फार भेटले नाहीत. आमच्यातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी अहिराणी. 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'उर्वरित' हे शब्द आमच्या कानांवर फक्त गणिताच्या पुस्तकातून पडत. घरी बारा आणे म्हणायचे आणि पुस्तकात पंच्याहत्तर पैसे वाचायचे. दशमान नाणी १९५७ साली आली होती, पण आमच्या ओट्यावर ती तेव्हाही पुरती पोहोचली नव्हती. बाई स्वतः पुण्याकडच्या, तरी 'प्रत्येकी' म्हणजे 'दर पोऱ्याले' असे त्या सांगत आणि उरलेल्यांचा प्रश्न "कितला ऱ्हायनात?" असा विचारीत. त्यांचा उच्चार ऐकून आम्ही हसत असू. ज्याला गणित येत नाही असे सगळे समजत, त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा हात मात्र त्या प्रश्नाला सर्वांत आधी वर जाई.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहितो आहे, त्याकडे येतो. तिसरी आणि चौथीची मिळून ८७ मुले पाटणादेवीच्या सहलीला जाणार होती. प्रासंगिक कराराच्या एसटीत ४० जण बसतील असे धरून बाईंनी विचारले, गाड्या किती लागतील? मी सर्वांत आधी पाटी दाखवली, भागाकार २, बाकी ७. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. बाईंनी पाटी पाहिली, मान डोलावली, आणि हजेरीतील शेवटच्या सातजणांना उभे केले. आडनावामुळे त्यांत मीही होतो. "हे बाकी सात," त्या शांतपणे म्हणाल्या, "यांनी त्या दिवशी वर्गात बसून पाढे लिहायचे." मी अक्षरशः रडू लागलो. माझेच उत्तर आणि माझीच सहल बुडालेली. वर्गात एकच गोंधळ झाला. कोणी म्हणाले तीन गाड्या करा, कोणी म्हणाले तिसरी गाडी सात पोरांसाठी परवडणार नाही, तर एकाने लहान मुलांना मोठ्यांच्या मांडीवर बसवण्याची तोड काढली. बाईंनी तीनही उत्तरे फळ्यावर लिहिली आणि "मांडीचे कंडक्टरला विचारावे लागेल" एवढा शेरा मारला. त्या दिवसापासून भागाकाराची बाकी लिहिताना 'बाकी कोण?' हा प्रश्न मला पडतोच. प्रत्यक्षात आम्ही दोनच गाड्यांतून दाटीवाटीने गेलो. मी चालकाशेजारी बॉनेटवर बसलो होतो, आणि ते गरम होते.

पाटणादेवीला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ काढला, असे त्यात नोंदले आहे. बाईंनी दर्शनानंतर आम्हाला झाडाखाली बसवले, पिशवीतून चिंचोके काढले आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण घातले. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्रावर, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधात सापडून मध्येच घिरट्या घालीत राहिला, तर भुंगे किती? आम्हाला बीजगणित येत नव्हते. एकाने १० चिंचोके मांडले, तर त्यांचा तिसरा हिस्सा होईना. बाई म्हणाल्या, "अर्धामुर्धा भुंगा उडत नाही." तेव्हा पाचाने आणि तिनाने दोहोंनी भाग जाणारी संख्या हवी, हे कळले. आम्ही ३० घेतले. सहा, दहा, फरकाची तिप्पट बारा, मिळून अठ्ठावीस. उरले दोन, हवा होता एक. मग निम्मे करून पाहिले, आणि १५ चिंचोक्यांत तीन, पाच, सहा वाटून एक हातात राहिला. अंदाज घ्यायचा, तो तपासायचा आणि चूक किती झाली यावरून पुढचा अंदाज सुधारायचा, ही पद्धत मी पुढे अभियांत्रिकीला नव्या नावाने शिकलो. तेव्हा मात्र आम्हाला वाटले होते की बाईंना वेळ काढायचा आहे.

पाटबंधारे खात्यातून मी कार्यकारी अभियंता म्हणून २०२४ साली निवृत्त झालो. हौद आणि नळ यांच्या उदाहरणांवरच माझा चरितार्थ चालला असे म्हणायला हरकत नाही. अंदाजपत्रकीय दरापेक्षा १२ टक्के कमी दराची निविदा आली की कोणत्या रकमेच्या १२ टक्के, यावर घोळ घालणारे सहकारी मी पाहिले, आणि त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर दोन आडव्या रेघा ओढल्या.

हल्ली शनिवारी सकाळी मी घराजवळच्या एका शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणे सोडवायला मदत करतो. वर्गाच्या भिंतीवर रंगीत तक्ता आहे, 'एकूण, मिळून, जास्त म्हणजे बेरीज. उरले, कमी, फरक म्हणजे वजाबाकी'. रामूच्या ९ फण्या तिथे घातल्या तर पन्नास वर्षांनंतरही उत्तर ११ येते, आणि आता तर त्याला छापील आधार आहे. तक्ता काढा म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी मुलांना त्याच्याकडे पाठ करून बसवतो.

गेल्या महिन्यात मी विचारले, एका रिक्षात तीन मुले बसतात, तर ११ मुलांना किती रिक्षा लागतील? बहुतेकांनी 'तीन, बाकी दोन' लिहिले. एका मुलीने नुसता १ लिहिला होता. कसे काय, म्हणून विचारले तर ती म्हणाली, "आमचे रिक्षावाले काका अकराजणांना एकाच रिक्षात नेतात." बाईंनी फळ्यावर लिहिले असते तसे मीही तिचे उत्तर फळ्यावर लिहिले, आणि शाळा सुटल्यावर तिच्या आईची वाट पाहत फाटकाशी थांबलो.