तुम्ही विचारलंत म्हणून: हा कोच टीम उभी करेल का?

२०२५ च्या दसऱ्याच्या पॉटलकला परत तोच प्रश्न. हातात प्लेट, श्रीखंडाचा पहिला घासही घेतला नव्हता आणि मागून आवाज आला, "काय मग, हा नवा कोच उभी करेल का टीम? किती वर्षं देतेस त्याला?" मी हसून विषय बदलला आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले. अठरा वर्षं इंडियाना युनिव्हर्सिटीचं बास्केटबॉल बघतेय, हा डॅरियन डीव्ह्रीस माझ्या डोळ्यांसमोरचा पाचवा कोच, म्हणून सगळे मलाच विचारतात आणि मी टाळते. तर आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

टाळते कारण आजवर दोनदा ठामपणे उत्तर दिलंय आणि दोन्ही वेळा चुकलेय. एकदा "हा माणूस काही करू शकत नाही" म्हणून, एकदा "थांबा, हा करेल" म्हणून.

पहिली वेळ टॉम क्रीनची. आधीचा कोच सॅम्पसन, त्याने रिक्रूटना, म्हणजे टीममध्ये घ्यायच्या हायस्कूलच्या पोरांना, फोन करण्याचे नियम मोडले, फेब्रुवारी २००८ मध्ये तो गेला आणि टीम अक्षरशः रिकामी झाली. क्रीन मार्क्वेट युनिव्हर्सिटीतलं चांगलं चाललेलं सोडून आला, मागे राहिलेले खेळाडू दोन, तेही मूळचे स्कॉलरशिपशिवाय आलेले. पुढची तीन वर्षं इथे जे होते त्यांना आकडे सांगायला नकोत, पण नवीन आलेल्यांसाठी सांगते: ६ विजय २५ पराभव, मग १०-२१, मग १२-२०. तीन वर्षांत २८ जिंकल्या, ६६ हरल्या. राष्ट्रीय विजेतेपदांचे पाच बॅनर टांगलेल्या हॉलमध्ये हे बघायचं. त्यात मॉरीस क्रीक नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा, मॅचला सोळाच्या वर पॉइंट काढत होता, डिसेंबर २००९ मध्ये त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. म्हणून "आपल्याच युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल कोचने, सिग्नेटीने, ३-९ची टीम एका वर्षात ११-२ केली, इथे तर पंधराच पोरं, अजून सोपं" असं कुणी म्हणालं की मला क्रीक आठवतो. पंधराच पोरं असतात आणि कोर्टवर पाच, म्हणूनच एका गुडघ्याने वर्ष जातं.

तेव्हा आम्ही ब्लूमिंग्टनला. नवरा पीएचडीत बुडालेला, मी डिपेंडंट व्हिसावर घरात. शेजारी एक रिटायर झालेले हायस्कूलचे गणिताचे शिक्षक राहायचे, आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणायचो. बायको गेल्यावरही त्यांनी दोन सीझन तिकिटं चालू ठेवली होती आणि दुसऱ्या तिकिटावर ते मला न्यायचे. हा खेळ मला त्यांनीच शिकवला. त्यांच्या मांडीवर पिवळं लीगल पॅड असायचं आणि बोटभर उरलेली पेन्सिल. पॅडवर स्कोअर कधीच नाही. प्रत्येक पोराच्या नावापुढे नुसत्या रेघा. सुटलेल्या बॉलवर झेप घेतली की एक रेघ, डिफेन्समध्ये शेजारच्याला ओरडून सावध केलं की एक, बदली होऊन बाहेर बसलेला असताना टाइमआउटला आपणहून उठून उभा राहिला की एक. वीस पॉइंटने मागे असताना मिळालेल्या रेघेला ते गोल करायचे.

फेब्रुवारी २०११. त्या सीझनमध्ये मिनेसोटाला हरवल्यावर पुढे आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. अशाच एका रात्री हरून बाहेर आलो, पार्किंगमध्ये गाडीचा हीटर चालू करून बसलो होतो आणि मास्तरांनी दिव्याखाली पॅड धरून मला दाखवलं, हे बघ, हा ऑलाडिपो, पहिल्याच वर्षाचा, गोल मोज. मला त्या क्षणी ते गोल इतके केविलवाणे वाटले. मी म्हटलं, तीन वर्षं झाली मास्तर, तुमच्या पॅडवरचं स्कोअरबोर्डवर कधी दिसणार? हा कोच बोलतो छान, बाकी काही नाही. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणाले की तुम्हाला जुन्या दिवसांतून बाहेर पडता येत नाही म्हणून तुम्ही या रेघा मारत बसता. ते काहीच बोलले नाहीत. पॅड मिटलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि घरापर्यंत गप्प गाडी चालवली.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. भांडण असं काही नाही, फक्त दर वेळी काहीतरी कारण निघायचं.

१० डिसेंबर २०११, शनिवार. केंटकीशी मॅच, केंटकी देशात पहिल्या नंबरवर, एकही न हरलेली. सकाळी मास्तर तिकीट घेऊन दारात. मी सुंठवड्यासाठी सुंठ कुटत होते, खलबत्ता हातात तसाच घेऊन दार उघडलं. म्हटलं, आज दत्तजयंती आहे, घरी पूजा, लोक येणारेत. खोटं नव्हतं ते. पण नवराच म्हणाला होता की तू जा, मी बघतो पूजेचं. मला केंटकीकडून मार खाताना बघायचं नव्हतं आणि त्याहून जास्त, मास्तरांच्या शेजारी बसायचं नव्हतं. ते म्हणाले ठीक आहे, आणि तिकीट परत कोटाच्या खिशात ठेवलं.

संध्याकाळी जन्म झाला, आरती झाली. टीव्ही मी मुद्दाम लावला नाही. साडेसात वाजायला आले असतील, पोरं जेवत होती आणि बाहेर एकदम आरडाओरडा, मग हॉर्न, एकामागून एक, थांबेचनात. आलेल्यांपैकी एका विद्यार्थ्याने फोन बघितला आणि ताट हातात तसंच धरून उभा राहिला. ७३-७२. मग टीव्ही लावला. साडेपाच सेकंद उरलेले, आपण दोनने मागे, आपला व्हर्डेल जोन्स बॉल घेऊन धावत येतो, डिफेंडर त्याच्याकडे ओढला जातो, तो मागे डावीकडे पास देतो, वॉटफर्ड तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून मारतो आणि हॉर्न वाजतो. सगळी गर्दी कोर्टवर. मी त्या गर्दीत मास्तरांना शोधत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस खाली कशाला उतरेल, पण तरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सुंठवडा घेऊन गेले. त्यांचा आवाज पूर्ण बसलेला. तिकीट त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं, शेजारच्या सीटवर स्वतःचा कोट ठेवून मॅच बघितली होती. मी सॉरी म्हटलं, कोचबद्दल मी चुकले म्हटलं. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तो बॉल बाहेर गेला असता तर तू बरोबर ठरली असतीस का? मग आज मी बरोबर कसा? मार्चमध्ये बोलू."

मार्चमध्ये आम्ही राष्ट्रीय टूर्नामेंटच्या शेवटच्या सोळात होतो. पण आमचं बोलणं तिथेही संपलं नाही आणि माझं माझ्याशी तर अजून चालू आहे. २०११ च्या त्या पार्किंगमधल्या मला आज मी सांगते की बाई, तुला ऑलाडिपो दिसला नाही. दुसऱ्या वर्षी लांबून मारलेले त्याचे २१ टक्के बॉल आत जायचे, तिसऱ्या वर्षी ४४, आणि मग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या नंबरवर निवडला गेला. ती उलट विचारते, आणि झेलर? कोडी झेलर याच राज्यातला, त्याचा एक मोठा भाऊ नॉर्थ कॅरोलायनाला गेलेला, तोही तिकडेच गेला असता तर १२-२० चे २७-९ झाले असते का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१३ ला बिग टेन, म्हणजे आमची लीग, जिंकली आणि मार्चच्या टूर्नामेंटमध्ये सिराक्यूजच्या झोन डिफेन्ससमोर ५० पॉइंटवर अडकलो, पुढच्या वर्षी १७-१५, २०१६ ला परत बिग टेन, २०१७ ला क्रीनला काढलं. उभी केली म्हणायची की नाही, तुम्हीच सांगा.

दुसरी चूक क्रीननंतर आलेल्या आर्ची मिलरची. तोवर आम्ही इंडियानापोलिसजवळ राहायला आलो होतो, मास्तर आदल्या वर्षीच गेलेले. आणि मी ठरवलं होतं की या वेळी घाई करायची नाही. मंडळात जो विचारेल त्याला, थांबा. पहिलं वर्ष, थांबा. दुसरं, थांबा. तिसऱ्या वर्षी कोविडमुळे मार्चची टूर्नामेंटच रद्द, अजून एक वर्ष थांबा. मी घरी बसून रेघा मारायचे आणि खरं सांगते, रेघा भरपूर होत्या, पोरं जीव तोडून डिफेन्स करत होती. बॉल आत जात नव्हता. चार वर्षांत राज्यातल्याच प्रतिस्पर्धी पर्ड्यूशी सात मॅच आणि सातही हरल्या. एकूण ६७ विजय ५८ पराभवांवर तो गेला, त्याला घालवायला १ कोटी डॉलरच्या वर मोजले. माझी एक मैत्रीण म्हणाली, तू सांगितलंस म्हणून आम्ही चार वर्षं तिकिटं घेतली. ती सहज म्हणाली असेल, मला ते लागलंय. पेशन्स ठेवला की आपण शहाणे झालो असं मला वाटत होतं, आणि तेही मास्तरांच्या नावावर, ज्यांनी मला कधी "थांब" म्हटलंच नव्हतं. ते "बघ" म्हणायचे.

आणि आता मोजायलाच काही उरलं नाहीये, हे कुणी लक्षात घेत नाही. पोरगा पहिल्या वर्षी कसा होता आणि दुसऱ्या वर्षी कसा झाला, यावरून कोच कळायचा. २०२१ पासून पोरं एक वर्ष बाहेर न बसता थेट दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊ शकतात, त्याच वर्षी त्यांना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून युनिव्हर्सिटी स्वतः पैसे देते. आजचा ऑलाडिपो पहिल्या वर्षी मॅचला सात पॉइंट काढून दुसऱ्या वर्षी इथे असेल याची काय खात्री? डीव्ह्रीस मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, जवळजवळ शून्यावरून भरावा लागला, क्रीनसारखाच, फक्त आता याला कुणी संकट म्हणत नाही.

त्याच्याबद्दल चांगलं बोलायला जागा आहे. ड्रेक युनिव्हर्सिटीला सहा वर्षांत १५०-५५. वेस्ट व्हर्जिनियाला ९-२३ ची टीम एका वर्षात १९-१३, तीही स्वतःचा मुलगा टकर, टीमचा मुख्य खेळाडू, आठ मॅचनंतर जखमी होऊन बसलेला असताना. पण आर्ची मिलरनेही डेटनला शेवटच्या आठात नेलं होतं, तेव्हा कागदावरचं मला दाखवू नका. आणि ज्या सॅम्पसनमुळे आमचं घर पडलं त्यानेच ह्यूस्टनला पहिल्या वर्षी १३-१९ वरून सुरुवात करून २०२५ मध्ये फायनलपर्यंत नेलं, ६३-६५ ने हरला. कुणाला सांगता आलं असतं २००८ मध्ये?

तरी मी लीगल पॅड आणलंय. पहिल्या पानावर सगळ्या पोरांची नावं लिहिलीत, अर्ध्यांचे चेहरे अजून ओळखता येत नाहीत. नोव्हेंबरपासून शेवटची पाच मिनिटं नीट बघणार आहे, विशेषतः मागे असतानाची. रेघांबरोबर या वेळी आत गेलेले बॉलही मोजतेय, मास्तरांना ते आवडलं असतं की नाही माहीत नाही.