स्कोअर नाही, तिकीट नाही, मग बघताय काय?

"आज मॅच आहे का?" बायकोनं विचारलं. म्हणलं नाही, प्रॅक्टिस आहे. "मग स्कोअर?" प्रॅक्टिसला कसला आलाय स्कोअर. "तिकीट?" फुकट. "म्हणजे स्कोअर नाही, तिकीट नाही, आणि छत्तीस डिग्रीत दोन तास उभं राहून बघणार काय तुम्ही दोघं?" ह्याला माझ्याकडं काय उत्तर नव्हतं, गुपचूप पाण्याच्या बाटल्या भरल्या, पोराच्या नाकाला सनस्क्रीन फासलं आणि टार्नीटहून गाडी काढली ती थेट फुटस्क्रे.

मेलबर्नच्या पश्चिमेला राहणाऱ्या आपल्या लोकांना फुटस्क्रे माहीत असतं ते बार्कली स्ट्रीटवरच्या इंडियन हॉटेलांमुळं. डोसा खायचा, किराणा घ्यायचा आणि घरी. पण त्याच रस्त्याला व्हिटन ओव्हल आहे, वेस्टर्न बुलडॉग्स टीमचं घर, आणि मी स्वतः चार-पाच वर्षं त्याच्या बाजूनं गाडी घालत होतो तरी आत काय चालतं ते मला माहीत नव्हतं. पोरगं शाळेत गेलं, ऑसकिकला जायला लागलं (लहान पोरांना फुटी शिकवतात तो प्रोग्रॅम), आणि एक दिवस घरी येऊन म्हणालं बाबा आपण डॉग्स आहोत ना? म्हणलं आहोत. झालं, ठरलं.

ज्यांना फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अंड्यासारखा लांबट चेंडू, मैदानही लंबगोल, क्रिकेटचंच असतं ते, एका बाजूला अठरा जण. चेंडू हातात धरून पळायचं पण दर पंधरा मीटरला जमिनीवर आपटायचा, पास द्यायचा तर लाथ मारून नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसून, फेकायचा नाही. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा पॉइंट, मधला आणि बाजूचा खांब ह्यांच्यामधून गेला तर एक. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. आणि मजा म्हणजे हा खेळ जन्माला कसा आला तर १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरनं पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले क्रिकेटर सुस्तावतात, त्यांना फिट ठेवायला काहीतरी फुटबॉल क्लबसारखं काढा. म्हणजे आख्खा खेळच मुळात क्रिकेटवाल्यांची प्री-सीझन! आणि आता ह्याच खेळाची स्वतःची प्री-सीझन असते, नोव्हेंबरात सुरू होते, ख्रिसमसला सुट्टी, मग जानेवारीत परत जुंपतात ते मार्चमध्ये सीझन चालू होईपर्यंत.

आत शिरलो तर कुंपणाला टेकून असतील साठ-सत्तर माणसं. कोण फोल्डिंगची खुर्ची घेऊन आलंय, कोण कुत्रं घेऊन, दोघातिघांकडं दुर्बिणी. आणि सगळे गप्प. म्हणजे बोलतायत पण हळू, तोंड न फिरवता, नजर मैदानावर. मला तिथंच एकदम काहीतरी ओळखीचं वाटलं पण कळेना काय ते.

मग कळलं. तालीम!

माझे वडील कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. मला लहानपणी कुस्तीचं मैदान बघायला कमी आणि तालमीत मेहनत बघायला जास्त नेलेलं त्यांनी. पहाटे पोरं जोर-बैठका काढतायत, लाल मातीत लढत धरलीय, आणि कट्ट्यावर चार-पाच रिटायर झालेले पैलवान बसलेत, कान मोडलेले, पोटं सुटलेली, आणि ते असंच हळू आवाजात बोलायचे. ह्याचा डावा गुडघा अजून धरतोय. ह्याला भूक लागंना झालीय. हा हाय बघ यंदा. फुटबॉलचंही तेच, पाटाकडील-दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नाही, पण वडिलांना गोडी गांधी मैदानावर संध्याकाळी पोरं प्रॅक्टिस करतात ती बघायची. मॅचला काय, म्हणायचे, मॅचला सगळेच पळतात. मला त्या वयात हे लई बोअर व्हायचं, कधी एकदा मिसळ खायला नेतायत असं व्हायचं. आणि आता मीच पोराला घेऊन दहा हजार किलोमीटरवर तेच करतोय.

मैदानावर त्या दिवशी तीन ठिकाणी तीन गोष्टी चालू होत्या आणि नवख्या माणसाला कुठं बघावं तेच कळत नाही. मधे मोठा ग्रुप, लाल आणि निळ्या बिब घालून, अर्ध्या मैदानावर मॅचसारखं खेळतोय, कोच शिट्टी मारून मधेच थांबवतो, सगळे असतील तिथं उभे, दोन वाक्यं बोलतो, परत तेच पहिल्यापासून. एका कोपऱ्यात सगळ्यात उंच पोरं, त्यांना कोच हातात जाड गादीसारखं पॅड घेऊन बाजूनं धक्के देतोय आणि त्यांनी तसंच हवेत उडून चेंडू धरायचा. आणि बाउंड्रीच्या कडेकडेनं तिघं जण एकटेच पळतायत, फिजिओ हातात घड्याळ घेऊन. ते दुखापतवाले. टीव्हीवर हे तिघं तुम्हाला महिनोन्महिने दिसत नाहीत, नुसतं नाव येतं आणि पुढं हॅमस्ट्रिंग, सहा आठवडे. इथं ते तुमच्यापासून चार फुटांवरून जातात आणि त्यांचा श्वास ऐकू येतो. त्यातला एक वळताना उजवा पाय जरा जपून टाकत होता, सरळ पळताना काही नाही, वळला की जपून. हे बघितलं आणि मी स्वतःशीच म्हणलं हा मार्चमध्ये येत नाही. बाजूच्या म्हाताऱ्यानं पण त्याच क्षणाला जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. आमची नजरानजर झाली, बस्स, ओळख झाली.

आणि आवाज. हे सांगितलंच पाहिजे. चेंडू नीट पायावर बसला की धप्प असा एक भरीव आवाज येतो आणि नीट नाही बसला की फट्ट. दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिलात तरी कोणाची किक कशी चाललीय ते कळेल. ह्यांची नेहमीची किक म्हणजे ड्रॉप पंट, चेंडू दोन्ही हातांनी उभा धरायचा, एका हातानं पायावर नुसता सोडायचा, टोकाला लाथ, मग तो उलटा गरगरत जातो, सरळ रेषेत. मार्कस बॉन्टेम्पेली, कॅप्टन, डाव्या पायाचा, त्याच्या सगळ्या धप्प. पन्नास मीटर लांब पळणाऱ्या माणसाच्या छातीवर चेंडू असा ठेवतो की त्याला वेग कमी करावा लागत नाही. पोरगं माझा शर्ट ओढून ओढून "बाबा बॉन्ट, बाबा बॉन्ट" आणि मी "हो रे बघतोय".

सॅम डार्सी तर बघायचाच माणूस आहे. २०८ सेंटिमीटर! म्हणजे जवळजवळ सहा फूट दहा इंच. टीव्हीवर सगळेच उंच असतात म्हणून कळत नाही, कुंपणाशी आला की मान वर करावी लागते. त्याचा बाप ल्यूक डार्सी ह्याच क्लबला खेळला, आजोबा डेव्हिड डार्सी पण ह्याच क्लबला. इथं फादर-सन नावाचा नियमच आहे, बाप शंभर मॅच खेळलेला असेल तर पोराला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबचा. टॉम लिबरटोरे पण तसाच आलेला, त्याचा बाप टोनी १९९० चा ब्राउनलो मेडलवाला (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल). एका घरातनं तीन पिढ्या एकाच तालमीत, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला लागत नाही.

माझ्या डाव्या हाताला एक आजी बसलेली. ऐंशीच्या पुढं. लाल-पांढरी-निळी विणलेली टोपी, त्या उन्हात! मांडीवर शाळेची वही, त्यात पेन्सिलनं आकडे आणि पुढं बरोबरच्या खुणा, कोण आलंय, कोण पूर्ण करतंय, कोण अर्ध्यात आत गेलं. मी विचारलं तो शेवटी पळतोय तो कोण, तर म्हणाली नवीन पोरगं आहे, ड्राफ्टमधनं (क्लब नवीन पोरं निवडतात त्यातनं) आलंय, नाव घ्यायची घाई करू नकोस, आधी जगू दे. (खरंच ते पोरगं मरायला टेकलेलं, गुडघ्यांवर हात, तोंड लाल टोमॅटो, आणि बाजूनं लिब्बा, म्हणजे टॉम लिबरटोरे, जाता जाता त्याच्या पाठीवर नुसतं एक थाप मारून गेला.)

मग बोलायला लागली. १९५४ ला टीमनं पहिल्यांदा कप जिंकला तेव्हा ती अकरा वर्षांची, चार्ली सटन कॅप्टन आणि कोच दोन्ही, फायनलला मेलबर्नला ५१ पॉइंटनी हाणलेलं. त्यानंतर काही नाही. वर्षामागून वर्षं काही नाही. आणि १९८९ ला लीगनं सांगितलं की क्लब कर्जात आहे, फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करून टाकू, नाव पण ठरलेलं, फिट्झरॉय बुलडॉग्स. फुटस्क्रे म्हणजे तेव्हा कारखान्यांची, कत्तलखान्यांची, कामगारांची वस्ती, श्रीमंत कोणी नाही. लोक पत्र्याचे डबे घेऊन चौकाचौकात उभे राहिले. आयरीन चॅटफील्ड नावाच्या एका साध्या समर्थक बाईच्या नावानं कोर्टात दावा लागला, पीटर गॉर्डन वकील, आणि विलीनीकरण थांबलं. "मी पण डबा घेऊन फिरले," आजी म्हणाली, "दारादारात. एका घरी माणूस म्हणाला मी कॉलिंगवूडचा, म्हणजे दुसऱ्या क्लबचा आहे, आणि दोन डॉलर टाकले." हे सांगताना पण नजर मैदानावर आणि पेन्सिल हातात.

मी अर्थातच २०१६ चं विचारलं. सातव्या नंबरवरनं बाद फेरीत शिरून कप जिंकलेली पहिलीच टीम, फायनलला सिडनीला २२ पॉइंटनी हरवलं, एमसीजीवर ९९,९८१ माणसं, बासष्ट वर्षांनी कप. कोच ल्यूक बेव्हरिजनं स्वतःचं मेडल दुखापतीमुळं बाहेर बसलेल्या कॅप्टन बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं ते मी नंतर व्हिडिओत पन्नासदा तरी बघितलंय आणि पन्नासदा घशात आवंढा आलाय. मला वाटलं आजी त्यावर तासभर बोलेल. तर म्हणाली, "हो, छान झालं. पण त्या वर्षी जानेवारीत मी इथं होते. तेव्हाच दिसत होतं." आणि वहीत एक खूण केली.

काय बोलणार!

मग माझी इज्जत गेली त्याची गोष्ट. एक चेंडू कुंपणावरनं उडून आमच्या मागं आला, पोरानं पळत जाऊन आणला आणि मला दिला, बाबा तुम्ही मारा. वीस मीटरवर ट्रेनर हात वर करून उभा. आता मी कोल्हापुरात फुटबॉल खेळलेला माणूस, म्हणलं लाथच तर मारायचीय. चेंडू धरला, सोडला, मारला. फट्ट. पूर्ण आडवा, भोवऱ्यासारखा फिरत, ट्रेनरच्या उजवीकडनं पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर, चार बाटल्या आडव्या. सत्तर माणसं हसली. पोरगं म्हणालं "बाबा, सॉकरसारखं नाही मारायचं", आणि ते मराठीत म्हणालं म्हणून बरं, नाहीतर अजून गेली असती. आजी हसली नाही. तिनं मला जवळ बोलावलं, वही बंद करून ती चेंडूसारखी उभी धरली आणि दाखवलं, हात इथं, असा सोडायचा, ढकलायचा नाही, नुसता सोडायचा डार्ल.

दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटी सगळे सावलीच्या बाजूला आले, बॉन्टनं पोराच्या कॅपवर सही केली, पोरगं एक अक्षर बोललं नाही, घरात दिवसभर बडबड करणारं पोरगं, पुतळा झालेला. बाहेर टेड व्हिटनचा खरा पुतळा आहे, ज्याच्या नावानं हे मैदान, त्याच्या सावलीत आम्ही डबा उघडला. चपातीचा रोल आणि शेंगदाण्याची चटणी. माश्या एवढ्या की एक घास चपातीचा, एक माशीचा.

संध्याकाळी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना फुटीतलं ओ की ठो कळत नाही पण प्रॅक्टिस म्हणलं की ते सरळ होऊन बसतात. सगळं सांगितलं, आजीचं, वहीचं, उलट्या फिरणाऱ्या चेंडूचं. उंच पोराचं सांगितलं तर हातानं उंची मोजायला लागले, दाराच्या चौकटीपेक्षा वर का? म्हणलं बरोबर दारात अडकतंय बघा. मग सांगितलं की मॅचमध्ये ही पोरं बारा-तेरा किलोमीटर, कधी त्याच्याही वर पळतात, पाठीवर जीपीएसचं यंत्र बांधलेलं असतं, सगळं मोजतात.

वडील जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "यंत्राचं र्‍हाऊ दे. खुराक काय हाय त्येंचा?"

म्हणलं ते नाही बघितलं.

"मग बघितलंस काय दोन तास? परत जा, आन् ईचारून ये त्या म्हातारीला."