टोचणारी पट्टी

नव्या सदऱ्याच्या गळ्याशी टोचणारी पट्टी आज उसवत होते, तेव्हा लेकीने ती वाचून विचारले, "आई, कापडाला कसे जपायचे ते लिहिले आहे, शिवणारीला कोणी जपले का, ते कुठे लिहिले आहे?"

पट्टीवर एवढेच होते: थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

दिवसभर ढाक्याजवळची, कपडे शिवण्याचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत आठवत राहिली. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळून ११०० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. पाठीशी संघटना आणि हाताशी पुरेशी मजुरी असती, तर त्यांना 'आज येणार नाही' असे म्हणता आले असते का?

पाण्याचेही तेच. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज आहे. त्यात रंगाईचे सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर त्याची झळ आधी काठावरच्या पाणी भरणाऱ्या बायकांनाच लागते. (हे दोन प्रश्न आपण वेगळे का मानतो, कोण जाणे.) सेंद्रिय कापडाच्या 'गॉट्स' प्रमाणपत्रात तरी सांडपाण्याच्या शुद्धीकरणाबरोबर कामगारांच्या हक्कांच्याही अटी असतात.

तुमच्या कपड्यावरची पट्टी तुम्ही शेवटची कधी वाचली होती?